घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना

ग्राफिक्स कार्डांची परीक्षणे बहुतेक वेळा नेमबाजीच्या किंवा शर्यतींच्या खेळांवर घेतलेली असतात. त्या तक्त्यांतील क्रमवारी फ्लाइट सिम्युलेटरला जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण इथे प्रोसेसरवर पडणारा भार वेगळ्या स्वरूपाचा असतो. विमानावर काम करणाऱ्या बलांची गणिते, कॉकपिटमधील उपकरणांचे व्यवहार, आजूबाजूची हवाई वाहतूक आणि सतत पुढे सरकणाऱ्या भूभागाची जुळवाजुळव ही कामे प्रोसेसरने उरकल्याशिवाय त्या क्षणी काय रेखाटायचे हे कार्डाला कळत नाही. यांतले बरेचसे काम अजूनही एकाच मुख्य थ्रेडवर, म्हणजे प्रोसेसर क्रमाने करत असलेल्या कामांच्या एका साखळीवर, अडते आणि तो थ्रेड थकला की कार्ड कितीही ताकदीचे असले तरी वाट पाहत बसते. म्हणून कार्डाचा विचार करण्यापूर्वी आपली अडचण खरोखर कार्डाची आहे का, हे आधी तपासावे.

ही तपासणी सोपी आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू करून फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रे) मोजणारी चौकट उघडली, की वेग मुख्य थ्रेडमुळे अडला आहे की जीपीयूमुळे, म्हणजे ग्राफिक्स कार्डामुळे, हे तिथेच लिहून येते. एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिम्युलेटरमध्येही सीपीयू (प्रोसेसर) आणि जीपीयू यांना प्रत्येक फ्रेमसाठी लागणारा वेळ वेगवेगळा पाहता येतो. याहून साधा उपाय म्हणजे रेंडरिंगचे, म्हणजे चित्र रेखाटण्याचे, रिझोल्यूशन निम्म्यावर आणून पाहणे. एवढे करूनही फ्रेम वाढल्या नाहीत, तर नवे कार्ड घेऊन काहीही साधणार नाही. तोच पैसा प्रोसेसरवर खर्च करावा. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांना सिम्युलेटर उडवणाऱ्यांमध्ये इतकी मागणी आहे ती त्यांच्या मोठ्या कॅशमुळे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या वेगवान मेमरीमुळे. रायझन ७ ७८००एक्स३डीमध्ये ९६ एमबी एल३ कॅश आहे. मात्र ही चाचणी समुद्रावर तीस हजार फुटांवरून घेऊ नये, कारण तिथे कोणतेही कार्ड उत्तमच दिसते. मोठे विमानतळ, बारीकसारीक यंत्रणांसह बनवलेले प्रवासी विमान, ढगाळ हवा आणि धावपट्टीकडे उतरण्याचा शेवटचा टप्पा, अशा परिस्थितीत जे आकडे मिळतील तेच खरे मानावेत.

कार्डावरचा भार ठरतो तो पडद्यावरून. १९२०×१०८० च्या मॉनिटरवर दर फ्रेमला सुमारे २१ लाख पिक्सेल रंगवावे लागतात, २५६०×१४४० वर सुमारे ३७ लाख आणि फोर-के पडद्यावर जवळजवळ ८३ लाख. कॉकपिटचा आभास यावा म्हणून अनेक जण तीन मॉनिटर शेजारी शेजारी लावतात. १४४० रेषांचे तीन मॉनिटर म्हणजे १ कोटी १० लाखांहून अधिक पिक्सेल, म्हणजे एका फोर-के पडद्याच्याही सव्वापटीहून अधिक भरतात. शिवाय उपकरणांचे पडदे वेगळ्या खिडक्यांत काढून छोट्या मॉनिटरवर ठेवले, तर त्यांचाही भार वाढतो. यासाठी आज समोर असलेला मॉनिटर नव्हे, तर पुढील दोन-तीन वर्षांत जी मांडणी करायची आहे ती डोळ्यांसमोर ठेवून कार्ड निवडावे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम. सिम्युलेटरमध्ये एकाच वेळी शेकडो चौरस किलोमीटरचा भूभाग, विमानतळाच्या इमारती, विमानाचे बाह्यरूप आणि कॉकपिटमधील प्रत्येक बटणावरची अक्षरे यांचे टेक्स्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रे) मेमरीत ठेवावे लागतात, आणि हौशी मंडळी त्यात स्वतंत्रपणे घेतलेली विमाने व विमानतळ यांची भर घालत राहतात. मेमरी पुरेनाशी झाली की वेग हळूहळू कमी होत नाही; तो एकदम कोसळतो, किंवा टेक्स्चर धूसर होतात, कारण मग हीच सामग्री मदरबोर्डवरच्या रॅममधून पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या, अरुंद वाटेने ये-जा करू लागते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० टीआय हे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत आले. दोन्हींची गणनशक्ती सारखीच, पण ते पीसीआय एक्स्प्रेसच्या आठच लेन (समांतर मार्गिका) वापरते, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर ८ जीबीच्या रूपाला मेमरी ओसंडण्याची झळ अधिक बसते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ च्या अधिकृत शिफारशीत सर्वोच्च पातळीसाठी १२ जीबी व्हीरॅम सांगितली आहे. माझ्या मते १०८० साठी १२ जीबी आणि १४४० किंवा त्याहून मोठ्या पडद्यासाठी १६ जीबी हीच खालची मर्यादा धरावी, आणि दोन कार्डांत निवड करायची झाल्यास थोड्या अधिक वेगापेक्षा अधिक मेमरीला झुकते माप द्यावे.

वेगाच्या बाबतीत सेकंदाला शंभर फ्रेमची हाव धरण्याचे कारण नाही. विमान सावकाश वळते. त्याला लागते ती संथ, न अडखळणारी गती. धावपट्टीला टेकण्याआधी नाक उचलताना चित्र क्षणभर गोठले, तर उंचीचा अंदाजच चुकतो; म्हणून सरासरी ६० असूनही मधूनच २० वर घसरणाऱ्या जोडणीपेक्षा कायम ४० वर टिकणारी जोडणी कितीतरी चांगली.

एनव्हिडियाचे डीएलएसएस आणि एएमडीचे एफएसआर ही तंत्रे कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठे करतात. झाडांवर आणि ढगांवर फरक जाणवत नाही, पण उपकरणांच्या पडद्यावर सरकणारे उंचीचे आकडे मागे छटा सोडतात आणि लहान अक्षरे फिकट होतात. एनव्हिडियाने २०२५ मध्ये आणलेल्या डीएलएसएस ४ च्या नव्या मॉडेलमुळे हा दोष बराच कमी झाला आहे. तरीही पडद्यावरची अक्षरे वाचूनच विमान चालवायचे असते, त्यामुळे शक्य तिथे मूळ रिझोल्यूशन झेपेल असे कार्ड घ्यावे. फ्रेम जनरेशनची गोष्ट निराळी आहे. त्यात दोन खऱ्या फ्रेमांच्या मधल्या फ्रेम कार्ड स्वतः तयार करते आणि त्यांसाठी प्रोसेसरला काम पडत नाही, त्यामुळे मुख्य थ्रेड अडलेला असतानाही दृश्य मऊ वाटते. योकला, म्हणजे विमान चालवायच्या दांड्याला, मिळणारा प्रतिसाद त्याने सुधारत नाही, पण मूळ वेग चाळिसाच्या आसपास असेल तर विमानाच्या संथ हालचालींत ते खटकत नाही.

व्हीआर हेडसेट वापरायचा असेल, तर हे सगळे हिशेब एक पायरी वर न्यावेत. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे आणि ९० हर्ट्झला (सेकंदाला ९० फ्रेम) प्रत्येक फ्रेमसाठी फक्त ११ मिलिसेकंद, अशी ती अट असते.

दोन कार्डे जोडून काम भागेल, ही आशा मात्र सोडावी; आरटीएक्स ४० मालिकेच्या घरगुती कार्डांवर त्यासाठीची जोडणीच उरलेली नाही. पॉवर सप्लाय आणि कॅबिनेटमधील जागा खरेदीपूर्वी मोजावी, कारण आरटीएक्स ४०९० ची अधिकृत मर्यादा ४५० वॅट आहे आणि ५०९० ची ५७५. बहुतेकांना इतके मोठे कार्ड लागतही नाही. मध्यम ताकदीचा प्रोसेसर आणि १४४० चा एकच मॉनिटर असेल, तर आरटीएक्स ५०७० टीआय किंवा एएमडीच्या आरएक्स ९०७० एक्सटी यांसारखे १६ जीबीचे कार्ड पुरेसे ठरते, आणि तीन मॉनिटरांची किंवा व्हीआरची तयारी पक्की असेल तरच त्याच्या वरच्या कार्डांकडे वळावे.