नेटविना डेबियन: आतापर्यंत कुठे पोचलो

आधी सद्यस्थिती. दोन्ही जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन (लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) बसलंय, डेस्कटॉप नीट चालतोय आणि नेटची केबल एकदाही लावलेली नाही. ६४ बिटवाल्यावर डेबियन १३ आहे, ३२ बिटवाल्यावर १२. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर निघणंच बंद झालं, त्यामुळे तिथे पर्याय नव्हता.

इन्स्टॉल करण्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नेटइन्स्टची, म्हणजे बाकीचं नेटवरून आणणाऱ्या इन्स्टॉलरची, इमेज लहान असते म्हणून मोह होतो, पण तिच्यात पायापुरतीच सिस्टिम असते; नेट नसेल तर सगळं पार पडल्यावर समोर काळा स्क्रीन आणि लॉगिनची ओळ एवढंच. डीव्हीडी-१ ची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एकच फाइल) घ्यावी, तिच्यात डेस्कटॉप असतो. डेबियन १२ पासून फर्मवेअरही (वायफायसारख्या हार्डवेअरला लागणारं सॉफ्टवेअर) अधिकृत इमेजमध्येच येतं, त्यामुळे ते वेगळं गोळा करत बसायला नको. चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का हे सांगणारा आकडा) मात्र दोनदा बघायचा: डाउनलोड झाल्यावर एकदा, आणि पेनड्राइव्हवर लिहून झाल्यावर पुन्हा. दुसऱ्या वेळेला इन्स्टॉलरच्या मेनूतच माध्यम तपासायची सोय आहे. स्वस्तातले पेनड्राइव्ह लिहिताना गप्प बसतात आणि अर्ध्या इन्स्टॉलमध्ये दगा देतात.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचे गठ्ठे, कुठून आणायचे ते सोर्सेस डॉट लिस्ट या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिच्यात 'सीडीरॉम' ची ओळ राहिलेली असते, म्हणून काहीही टाकायला गेलं की एपीटी (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) 'डिस्क घाला आणि एंटर दाबा' म्हणून अडून बसतो. दर वेळी पेनड्राइव्ह शोधण्यापेक्षा मी आयएसओच हार्डडिस्कवर कॉपी केली, लूप माउंट केली (म्हणजे ती फाइल डिस्कसारखी उघडली), सीडीरॉमची ओळ कॉमेंट केली आणि तिच्याखाली 'फाइल' ने सुरू होणारा पत्ता दिला. त्या ओळीत 'ट्रस्टेड=येस' लिहावं लागतं, कारण इमेजमधली रिलीज फाइल (पॅकेजच्या याद्यांची नोंद) डिजिटल सही केलेली नसते. चेकसम दोनदा बघण्याचा आग्रह याचसाठी. इथे एपीटी आपल्या भरवशावर चालतो. तीन-चार जीबी जागा जाते, पण डीव्हीडीवरचं प्रत्येक पॅकेज कायम हाताशी राहतं.

जे डीव्हीडीवर नाही त्याचं काय? सुट्या डेब फाइल (डेबियनचं एकेक पॅकेज) उतरवून नेणं हा पहिला विचार सगळ्यांच्याच मनात येतो. एका फाइलला चार डिपेन्डन्सी (तिला लागणारी दुसरी पॅकेजं), त्या चारांना आणखी आठ, आणि त्यातल्या कोणत्या आधीच बसलेल्या आहेत हे फक्त त्या नेट नसलेल्या कॉम्प्युटरलाच ठाऊक. म्हणून यादी त्याच्याकडूनच बाहेर यायला हवी. एपीटी-ऑफलाइन नावाचा प्रोग्राम नेमकं हेच करतो. नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर 'सेट' चालवलं की काय हवंय त्याची सिग्नेचर फाइल बनते. ती पेनड्राइव्हवरून नेटवाल्या कॉम्प्युटरवर न्यायची, तिथे 'गेट' ने सगळं एका झिपमध्ये उतरवायचं, परत येऊन 'इन्स्टॉल' म्हणायचं. नेटवाला कॉम्प्युटर डेबियनचाच असण्याची गरज नाही, विंडोजवरही चालतं. पहिली फेरी फक्त 'अपडेट' ची ठेवावी, म्हणजे पॅकेजच्या याद्या आत येतात. त्या आल्याशिवाय नेट नसलेल्या कॉम्प्युटरला नवीन काही मागताच येत नाही. 'इन्स्टॉल' हे नाव जरा फसवं आहे बरं का. ते फाइल एपीटीच्या साठ्यात नेऊन ठेवतं, पॅकेज बसवायला नंतर नेहमीची कमांड द्यावीच लागते.

इथे एक बारकावा. 'एपीटी' ही कमांड पॅकेज बसलं की साठ्यातली डेब फाइल पुसून टाकते, 'एपीटी-गेट' ती ठेवते. एकसारखे बरेच कॉम्प्युटर उभे करायचे असतील तर 'एपीटी-गेट' च वापरा, आणि त्याच फाइल पुढच्या कॉम्प्युटरवर न्या. माझ्याकडे दोघांचं आर्किटेक्चर (३२ बिट, ६४ बिट) वेगळं आणि आवृत्तीही वेगळी, त्यामुळे हा फायदा मला नाही. प्रत्येकाची सिग्नेचर फाइल स्वतंत्र.

काही पॅकेजं अशीही आहेत की जी आत नेऊनही उपयोग नाही. ज्यांच्या नावात शेवटी 'इन्स्टॉलर' येतं त्यांच्याकडे संशयानेच बघावं. फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर किंवा टीटीएफ-एमएसकोअरफॉन्ट्स-इन्स्टॉलर यांच्या डेबमध्ये मूळ माल नसतोच, बसताना ती स्वतःच नेटवर जाऊन तो आणू पाहतात. देवनागरीसाठी फॉन्ट्स-लोहित-देवा घ्या, त्यात फॉन्ट खरोखर आत असतो.

घड्याळाचाही मुद्दा आहे. जुन्या मदरबोर्डचा सेल संपलेला असतो, आणि नेट नसल्यामुळे वेळ आपोआप दुरुस्त होत नाही. कॉम्प्युटर मागच्या एखाद्या तारखेला जागा झाला, की त्याला आजची रिलीज फाइल भविष्यातली वाटते आणि एपीटी ती 'अजून वैध नाही' म्हणून नाकारतो. एरर वाचून रेपोच (पॅकेजचं भांडार) बिघडलाय असं वाटतं. बूट झाल्यावर आधी तारीख बघायची, चुकली असेल तर हाताने घालायची. सेल बदलणं उत्तम, पण ३२ बिटवाल्यात तो अशा कोपऱ्यात बसवलाय की अर्धा कॉम्प्युटर उघडावा लागेल. तूर्तास हातानेच चाललंय.

मॅन पानं (कमांडची माहितीपानं) आणि डेबियन-रेफरन्स हे मार्गदर्शक दोन्हीकडे टाकून ठेवलंय. अडल्यावर शोधायला नेट नाही, तेव्हा हे आधीच करा. पुढचा टप्पा सिक्युरिटी अपडेटचा: ६४ बिटवाल्याची अपग्रेडची सिग्नेचर फाइल तयार आहे, फक्त 'गेट' बाकी आहे. ३२ बिटवाल्यासाठी डेबमिररने (रेपोची प्रत उतरवणारा प्रोग्राम) १२ चा निवडक भाग बाह्य हार्डडिस्कवर उतरवून बघणार आहे. त्यात पत्ता 'फाइल' ऐवजी 'कॉपी' ने देईन, म्हणजे पॅकेजं आधी कॉम्प्युटरमध्ये येतील आणि हार्डडिस्क मध्येच सुटली तरी काम अर्धवट राहणार नाही. कोणते विभाग गाळले तर जागा वाचते, हे कुणी करून बघितलं असेल तर सांगा.