खाणीला आगाऊ पैसे, फाउंड्रीला उधारी

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांनो, हे खास तुमच्यासाठी लिहितोय. इथे ऑस्ट्रेलियात, पर्थमध्ये, गाडीवाले (मोटार कंपन्या) आणि बॅटरीच्या लिथियमचे खाणवाले यांचे करार बघितले की आपल्या उद्यमनगरातली बिलं आठवतात आणि जीव तुटतो.

जून 2022 मध्ये फोर्डने लायनटाउन या लिथियम खाण कंपनीशी करार केला. खाण कॅथलीन व्हॅलीत, पर्थच्या ईशान्येला सुमारे 680 किमीवर. तिथून पहिला माल निघाला जुलै 2024 मध्ये. म्हणजे माल निघायच्या दोन वर्षं आधीच गिऱ्हाइकाने 30 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचं कर्ज कबूल केलं होतं. बदल्यात पाच वर्षं, वर्षाला कमाल दीड लाख टन स्पॉड्युमिन, म्हणजे ज्यातून लिथियम काढतात ते खनिज. जनरल मोटर्स त्याच्याही पुढे गेली. 2024 मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या थॅकर पास या लिथियम प्रकल्पात तिने 62.5 कोटी अमेरिकन डॉलरला 38 टक्के हिस्साच घेतला.

आपल्याकडे गाडीवाला पॅटर्न, म्हणजे साचा बनवायचा नमुना, तेवढा देतो. भांडवल आपलं, वीज आपली, आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. कायद्यात 45 दिवस लिहिलेत, तरी.

खरं कौतुक आहे ते माल मोजण्याच्या नियमाचं. दीड लाख टन म्हणजे कोरडे टन. दहा हजार टन ओल्या मालात 8 टक्के पाणी असेल तर बिल 9,200 टनांचंच. जहाज भरताना ठरावीक अंतराने नमुने घेतात आणि 105 अंशांवर वाळवून ओल काढतात. मग नमुन्याचे सीलबंद भाग होतात: एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा, एक राखीव. दोघे आपापले आकडे एकाच वेळी उघड करतात. फरक ठरलेल्या मर्यादेत असला तर सरासरी धरायची. जास्त असला तर राखीव नमुना तिसऱ्या लॅबला जातो, आणि ज्याचा आकडा तिच्या निकालापासून लांब, खर्च त्याचा. लिथियम ऑक्साइड 6 टक्के ठरलं आणि 5.2 भरलं, तर भाव त्या प्रमाणात, सुमारे 87 टक्के. लोह जास्त निघालं तर ठरलेली कपात. बिलातून परस्पर पैसे कापणारी एकतर्फी डेबिट नोट नाही! आपल्या स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट बाजूला सारून रिजेक्शन लावणाऱ्यांनी हे बघावं.

ओलीचा प्रश्न पैशापुरता नाही. बारीक माल फार ओला असला तर जहाज हलताना त्याचा चिखल होतो आणि जहाज कलंडतं. राधानगरीच्या पठारांवर सापडतो त्या बॉक्साइटलाही हा धोका आहे. जानेवारी 2015 मध्ये बल्क ज्युपिटर हे जहाज बॉक्साइटसह बुडालं, 19 पैकी 18 जण गेले.

हिशेबही सांगतो. एक टन लिथियम रसायनाला साधारण आठ टन स्पॉड्युमिन लागतं. दीड लाख टनांतून सुमारे 18,750 टन. बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला 0.9 किलो रसायन धरलं तर 60 किलोवॉट-तासांच्या बॅटरीला 54 किलो, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास गाड्या. त्यासाठी दगड आधी 1,050 अंशांच्या वर भाजावा लागतो. कमी भाजला तर आम्ल त्यातून लिथियम ओढत नाही, जास्त तापला तर वितळून भट्टीला चिकटतो. भट्टी सांभाळणं कोल्हापूरच्या माणसाला कुणी शिकवायची गरज नाही. इथे येऊन ते काम करणाऱ्याला गाव सोडल्याचं दूषण देऊ नये, एवढंच.

गाडीवाले इथे उदार झालेत असं मात्र समजू नका. 2022 मध्ये लिथियमची टंचाई होती, म्हणून पैसे आले. कास्टिंगला त्यांच्याकडे वीस पुरवठादार उभे असतात. शिवाय बहुतेक करारांत माल पक्का असतो, भाव बाजाराचा. 2021 मध्ये बीएचपी या खाण कंपनीने टेस्लाला निकेल द्यायचा करार केला. इंडोनेशियाच्या स्वस्त निकेलपुढे टिकाव लागेना, म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये तिने निकेल वेस्ट या आपल्या निकेल विभागाचं काम थांबवलं. टेस्लाचं नाव कामी आलं नाही.

पण तपासणीच्या नियमाला टंचाई लागत नाही. पुढच्या ऑर्डरच्या वेळी तिसऱ्या लॅबची आणि हरणाऱ्याने खर्च देण्याची अट सगळ्या फाउंड्र्यांनी मिळून मागा. एकट्याने मागितली तर पार्टी शेजारच्या शेडमध्ये जाईल.