विद्यार्थी उताणा होतो तेव्हा

अॅरिझोनात फीनिक्स आणि टूसॉन यांच्या मधल्या वाळवंटी पट्ट्यात जवळजवळ वर्षभर पॅराशूटच्या उड्या चालतात. हवा कोरडी, आकाश मोकळं आणि खाली मैलोन्‌मैल सपाट जमीन, त्यामुळे शिकायला माणसं लांबून येतात. मी इथं एएफएफ, म्हणजे अॅक्सिलरेटेड फ्रीफॉल शिकवतो. फ्रीफॉल म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं मोकळं पडणं. यात विद्यार्थी पहिल्या दिवसापासून स्वतःचं पॅराशूट पाठीवर घेऊन उंचावरून उडी मारतो आणि प्रशिक्षक त्याला धरून शेजारी पडत राहतो. पहिल्या तीन पातळ्यांना दोन प्रशिक्षक असतात. चौथीपासून एकच, आणि हवेत ठरल्या जागी त्यानं विद्यार्थ्याला सोडून द्यायचं असतं. इथं लिहितोय ती उडी चौथ्या पातळीची.

विद्यार्थी तिशीतला, व्यायामानं कमावलेल्या अंगाचा. असं अंग हवेत लवकर ताठरतं. छाती आणि खांदे घट्ट असले की कंबर पुढे जात नाही, आणि कंबर पुढे गेल्याशिवाय आर्च, म्हणजे शरीराची कमान, होत नाही. आर्च नसेल तर शरीर वाऱ्यावर स्थिर बसत नाही. शिवाय तो माझ्यापेक्षा 25 किलोंनी जड होता. जड माणूस वेगानं पडतो, म्हणून मी कमरेला शिशाचा पट्टा बांधला आणि अंगाबरोबर बसणारा सूट घातला. सैल सूटमध्ये वारा भरला असता तर मी त्याच्या वरच तरंगत राहिलो असतो. विद्यार्थ्याच्या पातळीवर राहता येणं ही आमच्या कामातली पहिली अट आहे आणि तिची तयारी जमिनीवरच होते.

विमानात चढण्याआधीची तपासणी मी कधीच घाईत उरकत नाही. खांद्यांवरच्या थ्री-रिंगमधली, म्हणजे मुख्य पॅराशूट जोडणाऱ्या तीन कड्यांमधली, प्रत्येक कडी मागच्या कडीतून नीट गेली आहे ना, छातीचा पट्टा बकलातून वळून परत आला आहे ना, मांडीचे पट्टे सारखे आवळले आहेत ना, हे हात लावून बघायचं. नुसत्या नजरेवर सोडायचं नाही. मग तिन्ही हँडल: उजव्या नितंबाजवळ मुख्य पॅराशूटचं, छातीवर उजवीकडे कटअवेचं, म्हणजे बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून देण्याचं, आणि डावीकडे रिझर्व्हचं, म्हणजे राखीव पॅराशूटचं. मांडीचा एक पट्टा सैल राहिला तर फ्रीफॉलमध्ये अख्खा हार्नेस, म्हणजे अंगावरचा पट्ट्यांचा साज, सरकतो आणि उजव्या हाताला हँडल नेहमीच्या जागी सापडत नाही. पाठीवर फ्लॅप उघडून कंटेनर, म्हणजे पॅराशूटची पाठपिशवी, बंद ठेवणारी पिन पूर्ण आत आहे का आणि ती ज्यातून जाते तो दोरीचा क्लोजिंग लूप विरलेला तर नाही ना, हेही पाहायचं. एएडी, म्हणजे ठरल्या उंचीला रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र, चालू आहे आणि उंची दाखवणारा अल्टिमीटर शून्यावर आहे याची खात्री करायची. विमानातल्या गर्दीत पाठ घासून पिन सरकू शकते, म्हणून दार उघडण्याआधी पिन पुन्हा बघायची.

साडेतेरा हजार फुटांवर आम्ही ट्विन ऑटरच्या दारातून निघालो. पहिले 1000 फूट पडायला साधारण 10 सेकंद लागतात, कारण वेग अजून वाढत असतो. त्यानंतर ताशी सुमारे 190 किलोमीटरच्या वेगानं दर 1000 फुटांना साडेपाच सेकंद. विद्यार्थ्यानं हँडल ओढायची उंची 5500 फूट, म्हणजे हाताशी 50 सेकंदांच्या आत-बाहेरचा वेळ. शिकवायचं, सुधारायचं, वाचवायचं ते सगळं त्यातच.

निघणं चांगलं झालं. 11000 फुटांवर मी हात सोडले आणि त्याच्या पुढ्यात, दोन हातांच्या अंतरावर सरकलो. 10000 ला त्यानं उंची बघायची आणि मग उजवीकडे 90 अंश वळायचं, असं ठरलेलं होतं. अल्टिमीटर डाव्या मनगटावर असतो. बघताना हात जागेवर ठेवून मान वळवायची, हे जमिनीवर घोटून घेतलेलं असतं. यानं मात्र मनगट घड्याळासारखं तोंडाजवळ ओढलं. डावा हात आत आला, डाव्या बाजूचा वाऱ्याचा आधार गेला, ती बाजू खाली कलली आणि शरीर डावीकडे फिरायला लागलं. ते थांबवायला त्यानं उजवा हात झटक्यात खाली दाबला. पाय मात्र तसेच राहिले, एक गुडघ्यात पूर्ण दुमडलेला आणि एक लांब. विद्यार्थ्यांना हात दिसतात, पाय दिसत नाहीत. म्हणून ते चूक पायात असताना हातांनी दुरुस्त करू पाहतात आणि गिरकी वाढत जाते. दोन-तीन फेऱ्यांत ती सेकंदाला एक इतकी झाली, आणि 9000 च्या आसपास तो उताणा झाला.

उताणा माणूस जास्त वेगानं पडतो. पालथ्या शरीराचे पसरलेले हात-पाय वारा अडवतात. उताण्याचे गुडघे जवळ येतात आणि पाठीवरचा कंटेनर वाऱ्याला कापत जातो. पापणी लवते तोवर तो माझ्या नजरेखाली गेला, दोन सेकंदांत सुमारे 100 फूट.

अशा वेळी लोकांना वाटतं की डोकं खाली करून सुसाट जायचं आणि धरायचं. डोकं खाली जातं हे खरं. हात मागे, पाय ताठ केले की वेग ताशी 250 किलोमीटरच्या पुढे सहज जातो. पण धरण्याच्या क्षणी दोघांच्या वेगात एवढा फरक राहिला तर ती टक्कर होते, आणि हवेतली टक्कर माणसाला बेशुद्ध करते. 1987 साली इथल्याच कूलिजमध्ये एक उडी मारणारी बाई दुसऱ्यावर आदळून बेशुद्ध झाली. प्रशिक्षक ग्रेगरी रॉबर्टसननं डोकं खाली करून तिला गाठलं आणि सुमारे 3500 फुटांवर तिचं रिझर्व्ह उघडलं. ती वाचली. त्याच्या डाइव्हचं कौतुक सगळेच करतात. मला त्याहून मोठं वाटतं ते त्यानं शेवटच्या टप्प्यात वेग मारून तिच्यापाशी पोचणं. निम्मं अंतर कापून झालं की छाती उघडायची, हात-पाय पसरायचे, आणि शेवटचे काही मीटर चालत गेल्याच्या गतीनं सरकायचं.

पोचायचं ते बाजूनं आणि समान पातळीवर. थेट वर कधीच नाही, त्याला दोन कारणं आहेत. पडणाऱ्या शरीराच्या वर हवा विस्कळीत असते. त्या पट्ट्यात शिरलेल्या माणसाचा आधार निघून जातो आणि तो खालच्याच्या अंगावर कोसळतो. दुसरं, खालच्यानं त्याच क्षणी हँडल ओढलं तर उघडणारं पॅराशूट तुमच्या अंगावर येतं. थेट खालीही जायचं नाही, कारण मग तुमच्या विस्कळीत हवेत तो येतो.

7600 फुटांच्या सुमाराला मी त्याच्या बाजूला होतो. फिरणाऱ्याला धरताना फिरण्याच्या वर्तुळात आंधळेपणानं हात घालायचा नसतो. त्याचा पाय माझ्या हेल्मेटजवळून गेला तसा मी अर्धा मीटर मागे झालो, एक फेरी जाऊ दिली आणि खांदा माझ्याकडे येताना तो पूर्ण बाहूनं अडवला. त्या एका फेरीची किंमत जवळपास 200 फूट, आणि ती द्यावीच लागते. लाथ बसून प्रशिक्षक जायबंदी झाला तर हवेत दोन माणसं निकामी होतात. गिरकी मंदावल्यावर एक हात खांद्यापाशी हार्नेसवर आणि दुसरा मांडीवरच्या ग्रिपवर. जवळची बाजू खाली दाबली की पलीकडची उचलते, तिच्याखाली वारा शिरतो आणि माणूस पालथा होतो. 7000 च्या थोडं खाली तो पालथा झाला.

उताणा असतानाच हँडल का ओढलं नाही, असं पुष्कळजण विचारतात. पायलट शूट, म्हणजे मुख्य पॅराशूटला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, वाऱ्याबरोबर वर जातं. माणूस उताणा असेल तर ते पाठीखालून निघून पायांमधून किंवा हाताभोवतून वाट काढतं. ब्रायडल, म्हणजे त्याला जोडणारी पट्टी, किंवा दोऱ्या अंगाला गुंडाळल्या तर मुख्य पॅराशूट अर्धवट अडकतं, आणि मग रिझर्व्हलाही मोकळी हवा मिळत नाही. वेळ हाताशी असेल तर आधी पालथं करायचं. वेळ संपली असेल तर उताण्याचंही ओढायचं. आमच्याकडचा प्राधान्यक्रम पक्का आहे: आधी ओढणं, मग योग्य उंचीवर ओढणं, मग स्थिर राहून ओढणं. स्थिर होण्याच्या नादात उंची घालवलेली माणसं या खेळानं पाहिली आहेत. म्हणून विद्यार्थ्यालाही शिकवलेलं असतं की ताबा सुटला आणि 5 सेकंदांत परत आला नाही, तर उंची बघत बसू नकोस, ओढ.

पालथा झाल्यावर मी त्याच्या तोंडासमोर अंगठा खाली करून दाखवला: आर्च. मग दोन बोटं ताठ: पाय लांब. फ्रीफॉलमध्ये बोलणं ऐकू येत नाही, सगळं हातांवर चालतं. शरीर बऱ्यापैकी सावरलं, पण डोळे माझ्या चेहऱ्यावर खिळलेले होते. हे लक्षण मी ओळखतो. माणूस शुद्धीवर असतो, बघत असतो, आणि काहीच करत नाही. गिरकीनंतर मेंदू एवढा भरून गेलेला असतो की पुढची पायरी सुचत नाही. 5500 ला त्यानं दोन्ही हात डोक्यावर हलवून हँडलकडे हात न्यायला हवा होता. नेला नाही. मी तर्जनी ताठ करून ओढण्याची खूण दिली. 5000 ला पुन्हा. मग त्याचा उजवा हात धरून हँडलपर्यंत नेला. बोटं मिटली नाहीत. 4300 वर मी कंटेनरच्या डाव्या बाजूचं, खास प्रशिक्षकासाठी दिलेलं हँडल ओढलं.

ओढलं म्हणजे काम झालं असं नाही. विद्यार्थ्याच्या पाठीवरच्या विस्कळीत हवेत पायलट शूट एखादा सेकंद घोटाळू शकतं. एका बाजूनं हलकं धरून त्याचा तोल राखायचा, घडी केलेल्या पॅराशूटची बॅग कंटेनरमधून उचलली जाताना दिसली की लगेच सोडायचं. जास्त वेळ एकाच बाजूनं धरून राहिलं तर कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं छत, वाकडी उघडते आणि दोऱ्या पिळतात. मी सोडलं, पाठ वळवून दूर सरकलो आणि 3000 च्या वर माझं पॅराशूट उघडलं. त्याची मोठी, संथ कॅनोपी चौकोनी उघडलेली दिसली. पुढचं काम रेडिओवर जमिनीवरच्या प्रशिक्षकाचं.

4300 हा आकडा मोठा वाटू शकतो. विद्यार्थ्याची कॅनोपी मुद्दाम सावकाश उघडणारी असते, उघडायला ती कित्येक शे फूट खाते. एएडी मात्र वेग आणि हवेचा दाब मोजून स्वतःच ठरवतं: विद्यार्थ्यांसाठीचं सायप्रेस नावाचं एएडी फ्रीफॉलमध्ये साधारण 750 फुटांवर आणि अर्धवट उघडलेल्या पॅराशूटखाली 1000 फुटांवर रिझर्व्हचा लूप कापतं. फार खाली मुख्य पॅराशूट ओढलं तर ते पुरतं उघडायच्या आत एएडीही चालू शकतं, आणि एकाच माणसाच्या डोक्यावर दोन पॅराशूटं येतात. म्हणून 2500 च्या खाली मुख्य पॅराशूटला हात लावायचा नाही, सरळ रिझर्व्ह. त्याच उंचीला प्रशिक्षकानंही पाठलाग सोडून स्वतःचं उघडायचं, विद्यार्थी धरला गेला नसेल तरीही. हे लिहायला कठीण आहे, पण मागे एएडी आहे या भरवशावरच तो नियम उभा आहे. 2014 च्या नोव्हेंबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका विद्यार्थ्याला 9000 फुटांच्या आसपास फिट आली. प्रशिक्षकाची पहिली झडप हुकली, दुसरीत त्यानं सुमारे 4000 फुटांवर विद्यार्थ्याचं पॅराशूट उघडलं. तिथंही दुसऱ्या प्रयत्नाला उंची शिल्लक होती, म्हणून ते जमलं.

परवाना नुकताच मिळालेल्यांबरोबर उडणाऱ्या अनुभवी मंडळींना मात्र वेगळं सांगावं लागतं. एकत्र उडताना नवखा खाली गेला तर त्याच्यामागे डाइव्ह करू नका. तुम्ही प्रशिक्षक नसाल तर हवेत धरण्याचा सराव तुम्हाला नाही, आणि तो तुमच्याकडे बघत राहिला तर उंची दोघंही विसराल. पाच किंवा कमी जणांचा गट असेल तर सगळ्यात उंच उघडणाऱ्याच्या उंचीच्या किमान 1500 फूट वर एकमेकांपासून वेगळं व्हायचं, सहा किंवा जास्त असतील तर 2000. ती उंची आली की ठळक दिसतील असे हात हलवून दूर व्हा. नवख्यानं पाहिलं नाही असं वाटलं तर त्याच्या नजरेच्या टप्प्यात, पण सुरक्षित अंतरावर, स्वतःचं उघडा. उघडणारं पॅराशूट बघून भानावर आलेले पुष्कळ आहेत.

खाली आल्यावर आम्ही व्हिडिओ दोनदा पाहिला. पहिल्यांदा न थांबता, दुसऱ्यांदा मनगट तोंडाशी आलं त्या जागी थांबवून. तिथून पायांची स्थिती दाखवली तेव्हा त्याला गिरकीचं कारण स्वतःलाच कळलं. लॉगबुकात मी लिहिलं: अल्टिमीटर बघताना डावा हात आत, पाय असमान, डावी गिरकी, उताणा, 4300 ला प्रशिक्षकानं उघडलं, पातळी पुन्हा. त्याखाली विंड टनेलमध्ये, म्हणजे उभ्या वाऱ्याच्या सरावाच्या बोगद्यात, 15 मिनिटं, त्यातली पहिली 5 फक्त पायांवर, आणि पुढची उडी दोन प्रशिक्षकांबरोबर. विमानात बसण्याआधी हार्नेस घालून पालथं झोपायचं आणि डोळे मिटून 20 वेळा हँडल शोधायचं, हेही. हात नेताना डावा डोक्यापुढे येतो की नाही, ते मी शेजारी उभा राहून बघणार.