दाटीवाटी, पण पाण्याला विचारून

नेदरलँड्सचे बारा प्रांत, त्यांतला सगळ्यात दाट वस्तीचा आमचा: दक्षिण हॉलंड. अडतीस लाखांच्या आसपास माणसं आणि जमीन जेमतेम २,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण १,४००. बिहारचा २०११ च्या जनगणनेतला आकडा १,१०६ आहे. डोंबिवलीच्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्या हसतात, कारण माझ्या फोटोंत नेहमी गायीच असतात.

असणारच. मी राहते झूटरमेरला. साठच्या दशकापर्यंत हे खेडं होतं. द हेगमध्ये मावेनाशी झालेली माणसं इथे वसवली आणि आता वस्ती सव्वा लाखावर गेली आहे. पण शेवटच्या इमारतींपुढचा रस्ता ओलांडला की शहर खलास. आपल्याकडे गाव विरळ होत होत संपतं, मध्ये गॅरेज, मंगल कार्यालय, अर्धवट बंगले. इथे ते कात्रीने कापल्यासारखं थांबतं, आणि पुढे लायडनच्या दिशेने कुरणं नि पाण्याचे चर. रॉटरडॅम, द हेग, लायडन, ॲमस्टरडॅम, उट्रेक्ट ही शहरं कडं करून बसली आहेत आणि मधला पट्टा मोकळा ठेवायचा असं सरकारचं जुनं धोरण आहे. धोरणाचं कौतुक आहेच, पण खरं श्रेय मी चिखलाला देते.

हा मधला पट्टा बराचसा पीटचा. पीट म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, भुसभुशीत माती. चर खणून पाणी उपसलं की तिला हवा लागते, हवा लागली की ती कुजते आणि जमीन खचते. जमीन खचली की ती पुन्हा पाण्याजवळ येते, मग पाणी आणखी उपसायचं. शतकानुशतकं हेच चाललंय.

त्यामुळे कुठल्या चरात पाणी किती असावं हे इथे सेंटिमीटरमध्ये ठरतं आणि त्यावरून भांडणं होतात. शेतकऱ्याला पाणी खाली हवं, नाहीतर ट्रॅक्टर रुततो. जुन्या घरांच्या मालकांना ते वर हवं, कारण त्यांची घरं जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब पाण्यात बुडालेले असले तर शतकभर टिकतात, डोकं उघडं पडलं की सडायला लागतात. मग भिंतीला तिरकी भेग जाते, दार घासायला लागतं. घर बघायला गेलं की जाणती माणसं स्वयंपाकघराआधी पायाची चौकशी करतात.

हा तंटा सोडवायला पाणी मंडळं आहेत. लायडनच्या आसपासच्या राइनलंड भागाचं मंडळ तर तेराव्या शतकापासूनचं. त्यांची स्वतःची निवडणूक, स्वतःचा कर. मार्च २०२३ मध्ये प्रांताची आणि पाणी मंडळांची निवडणूक एकाच दिवशी झाली. भारतीय पासपोर्टमुळे प्रांतासाठी मला मत नव्हतं, पाणी मंडळासाठी मात्र होतं. मला ते फार पटलं. पूर आला तर तो पासपोर्ट बघत नाही.

बाकी प्रांताबद्दल लिहायचं तर बरंच आहे. वेस्टलंडमधली भाज्या-फुलं पिकवायची काचघरं, ज्यांच्या दिव्यांनी हिवाळ्यात रात्री आभाळ नारिंगी होतं. रॉटरडॅमचं बंदर, आणि त्याच्या तोंडाशी १९९७ पासून उभी असलेली दोन अजस्र दारं, जी वादळात समुद्र अडवायला मिटतात. द हेगमध्ये पॉल क्रूगर रस्त्यावरची सुरिनामी हिंदुस्थानी दुकानं, जिथे मला भेंडी आणि चवळीच्या शेंगा मिळतात. त्या लोकांचे पूर्वज १८७३ पासून कोलकात्याहून जहाजांनी सुरिनामला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या तेव्हाच्या डच वसाहतीत, मजुरीला गेले. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास त्यांतले पुष्कळ जण इकडे आले. दुकानातल्या आजी त्यांच्या भोजपुरी वळणाच्या बोलीत मला 'बेटी' म्हणतात. पालेभाजी ताजी नसेल तर स्वतःच घेऊ देत नाहीत.

आता घरांची टंचाई इतकी झाली आहे की मोकळ्या पट्ट्याकडे सगळ्यांचे डोळे लागलेत. आमच्यापासून जवळच झाउडप्लास पोल्डर आहे. पोल्डर म्हणजे बांध घालून, पाणी उपसून कोरडी ठेवलेली सखल जमीन. देशातली सगळ्यात खोल जागा तिथेच, समुद्रसपाटीच्या पावणेसात मीटर खाली. त्याच पोल्डरमध्ये सुमारे आठ हजार घरांचं कोर्टेलांडे नावाचं नवं गाव वसवायचं घाटतंय. विरोधक म्हणतात, समुद्र वर येत असताना बशीच्या तळाशी कोण घरं बांधतं? समर्थक म्हणतात, चारशे वर्षं आपण दुसरं काय केलं?

मला विरोधकांचं पटतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर राहून पावसाळ्यात जीव टांगणीला असतो, आणि तुम्ही काय तळात घर घेणार?" नवऱ्याने त्याआधीच इच्छुकांच्या यादीत आमचं नाव घालून ठेवलंय. भाडं बघता मीही ते काढायला सांगितलेलं नाही.