लाइप्झिगला शिकायला येताय? आधी पत्ता, मग बाकी सगळं

लाइप्झिगमधलं माझं पहिलं वर्ष आता संपत आलंय. ऑक्टोबरच्या हिवाळी सत्राला येणाऱ्यांसाठी हे लिहितेय. अभ्यासाची फार काळजी करू नका. विद्यापीठ १४०९ सालापासून चालू आहे, बाहेरून आलेल्या पोरांची त्यांना सवय आहे. डोकं खातं ते घर, आणि घराच्या मागोमाग येणारे कागद.

जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते' असं घरमालकाच्या सहीचं पत्र न्यायचं. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंद झाली की कराचा क्रमांक पोस्टाने येतो, तो अर्धवेळ नोकरीत लागतो. व्हिसा संपण्याआधी राहण्याचा परवाना काढायचा असतो, तिथेही पहिल्यांदा नोंदणीचाच कागद मागतात. म्हणून खोली बघताना भाड्याच्या आधी विचारा, आनमेल्डुंग होईल का? पुष्कळ खोल्या दोन-तीन महिन्यांच्या पोटभाड्याने निघतात, आणि हा प्रश्न आला की काही मालक कानावर हात ठेवतात. तशी खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.

प्रवेशपत्र हातात पडलं की त्याच दिवशी स्टुडेंटेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणाऱ्या संस्थेच्या, वसतिगृहासाठी अर्ज टाका, तिथे प्रतीक्षायादी असते. नंबर लागला नाही तर वेगे, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेला फ्लॅट. त्यासाठी मुलाखत होते, बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी चहा पीत. सफाईची पाळी, फ्रिजमधला कप्पा, रात्री दहानंतरची शांतता असं सगळं बोलून होतं. पण त्यांना खरं जाणून घ्यायचं असतं ते एवढंच की तुम्हाला नुसती खोली हवी आहे की घरात मिसळायचंय. जे असेल ते सरळ सांगा. गोड बोलून मिळवलेल्या घरात वर्षभर गोड बोलत राहावं लागतं!

झ्युडफोरश्टाट आणि कोनेवित्झ या वस्त्यांकडे विद्यार्थ्यांचा ओढा जास्त, त्यामुळे तिथे चुरसही जास्त. पूर्वेकडच्या आयझेनबानश्ट्रासे या रस्त्याबद्दल लोक नाक मुरडतील. रात्री एकट्याने फिरताना जपून राहावं हे खरं, पण हिरव्या मिरच्या, कोथिंबीर आणि डाळी घ्यायला मी तिथल्याच अरबी आणि तुर्की दुकानांत जाते. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या 'थंड' भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. थंड म्हणजे हीटिंग आणि बाकीचे खर्च न धरता. आणि 'मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने येईल' असं लिहिणारा मालक दिसला की तिथूनच रामराम.

आता टपालपेटी. ही गोष्ट कोणी सांगत नाही. इथल्या पत्त्यात साधारणपणे फ्लॅटचा नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि पेटीवरचं आडनाव, एवढ्यावर पोस्टमन चालतो. आमच्या दारात पेट्यांची रांग आहे. एकीवर कोरलेली पितळी पट्टी, शेजारच्या पेटीवर चिकटपट्टीखाली बॉलपेनने लिहिलेली चार आडनावं, त्यातलं एक खोडलेलं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं याच पेटीत येतं. वरच्या मजल्यावरच्या मुलाचं नाव पेटीवर नव्हतं, तर त्याचं कार्ड बँकेत परत गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. सामान उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर आडनाव चिकटवा. आपल्या पासपोर्टात नावाला जोडून वडिलांचंही नाव असेल तर विद्यापीठ, बँक, विमा सगळीकडे अगदी तसंच लिहा. एका अक्षराचा फरक पडला तरी खुलासे करत बसावं लागतं.

पैशांचं थोडक्यात सांगते. व्हिसासाठी बंद खात्यात मी वर्षाचे ११,९०४ युरो ठेवले होते. त्यातून महिन्याला ९९२ सुटतात, पण इथलं बँक खातं उघडून कळवल्यावरच. तोवर पहिलं भाडं आणि अनामत एकदमच अंगावर येतात, तेवढी सोय वेगळी करून या. तिशीच्या आतल्यांनी सरकारी आरोग्यविमाच घ्यावा. नोंदणीनंतर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येईल, महिना १८.३६ युरो. ती फसवणूक नाही, फेकू नका. मात्र ते घरटी असतं, माणशी नाही. घरातलं कोणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा.

ट्राममध्ये कागदी तिकिटावर शिक्का मारावा लागतो. साध्या कपड्यातले तपासनीस येतात, आणि वैध तिकीट नसेल तर दंड ६० युरो. सत्रशुल्कात डॉइचलांड तिकीट येत असेल तर ते देशभरातल्या प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई या वेगवान गाड्यांना नाही. रविवारी दुकानं बंद. फारच अडलं तर मुख्य स्टेशनातली काही दुकानं उघडी असतात. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पेयांचे कॅन सुपरमार्केटच्या मशीनमध्ये परत टाकले की बहुतेकांचे २५ सेंट मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. रस्त्यात बाटली संपली तर कचराकुंडीत न टाकता शेजारी ठेवतात, गोळा करणाऱ्याला हात घालावा लागत नाही.

डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं. खोलीत बसून राहू नका. मेन्सा आम पार्क या विद्यार्थ्यांच्या भोजनालयात जेवायला जा, भाषेच्या वर्गाला जा, कुठेही जा. सायकल घेतली तर कुलपावर पैसे वाचवू नका आणि दिवे चालू ठेवा.

मार्च-एप्रिलमध्ये नदीकाठच्या आउवाल्ड जंगलात रानलसूण इतका माजतो की सायकलवरूनही वास येतो. चटणी उत्तम होते. पण संरक्षित भागात तोडायला बंदी आहे, पाट्या वाचा. शिवाय मायग्ल्योक्शन नावाच्या झाडाची पानं अगदी तशीच दिसतात आणि ती विषारी असतात. पान चुरगळून हुंगायचं असं सगळे सांगतात, पण पहिल्या पानानंतर बोटांनाच लसणाचा वास लागलेला असतो, मग त्या परीक्षेला अर्थ उरत नाही. पहिल्या वर्षी ओळखणाऱ्या माणसाबरोबर जा, नाहीतर बाजारातून जुडी घ्या.