तुम्ही विचारलंत म्हणून: आवाज नसताना बूट बदला, आवाज आल्यावर नको, हे कसं?

"गाडीतून काही आवाज येत नसतो तेव्हा तुम्ही एक्सलचा बूट बदला म्हणून मागे लागता. आणि कट-कट सुरू झाल्यावर आम्ही बूट बदलायला येतो, तर नाही म्हणता. तुमचं नक्की म्हणणं काय?"

वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजात पावसाळा सरत आला की हा प्रश्न जवळपास रोज येतो. कुणी हसत विचारतं, कुणी चिडून. काही जण विचारतच नाहीत, मनात धरतात आणि दुसरीकडे जातात. त्या शेवटच्यांसाठी हे लिहितोय.

हा बूट म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या शाफ्टच्या जॉइंटवर, म्हणजे सांध्यावर, बसणारं रबरी आवरण. बूट जॉइंटला वाचवतो. झिजलेल्या जॉइंटला तो बरं करू शकत नाही. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, आणि ते मी समजू शकतो. माझंही होत नव्हतं.

ज्या वस्तादांकडे मी शिकलो त्यांचा हात पद्मिनी टॅक्सीवर बसलेला. पद्मिनीला ताकद मागच्या चाकांना. मधून लांब शाफ्ट, त्याला क्रॉस म्हणजे फुलीच्या आकाराचा सांधा, आणि वळणारी पुढची चाकं नुसती वळायची, ओढायची नाहीत. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि वळणारी चाकंच गाडी ओढू लागली. चाक खड्ड्यात खाली जाणार, वर येणार, वर कोपऱ्यावर पुरतं वळणार, आणि तरीही त्याला फिरणं एकसारखं मिळालं पाहिजे. क्रॉसला ते जमत नाही, कोन वाढला की त्याचा वेग कमीजास्त होतो. म्हणून सीव्ही जॉइंट, म्हणजे कोनातही एकसारखा वेग देणारा सांधा. आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२० च्या दशकात काढलेली रचनाच थोड्याफार फरकाने आज आपल्या गाड्यांच्या चाकाकडच्या टोकाला असते: सहा पोलादी गोळ्या, त्यांना धरून ठेवणारा पिंजरा, आणि खाचा पाडलेले आतला-बाहेरचा असे दोन भाग. भोवती काळं मॉलिब्डेनमचं ग्रीस. त्या सगळ्यावर घड्यांचा रबरी बूट, दोन्ही टोकांना क्लिप.

वस्ताद या बुटाला फार मान देत नसत. "आवाज आला की बघू," म्हणायचे. मीही तेच म्हणायचो. गिऱ्हाइकाला आवाज नसताना खर्चात पाडणं मला लबाडी वाटायची, आणि तो विशीतला मी अजून अधूनमधून माझ्याशी भांडतो. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. आमच्या धंद्यात न फाटलेले बूट फाटलेत म्हणून सांगणारे आहेत. म्हणून मी गाडी वर घेतली की गिऱ्हाइकाला खाली बोलावतो. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा पट्टा उडालेला असतो, तो बोट लावून बघा म्हणतो. बुटाची घडी दोन हातांनी उघडून चीर दाखवतो. एवढं बघूनही लोक म्हणतात, "पण आवाज तर नाही ना?"

आवाज नसतोच. चीर पडली की शाफ्ट फिरता फिरता ग्रीस बाहेर फेकतो, आणि जी जागा रिकामी होते तिथे घोडबंदर रोड आत शिरतो. अलंकारिक बोलत नाहीये. खड्ड्यातलं गढूळ पाणी, खडीचा चुरा, मेट्रोच्या कामाची धूळ. उरलेल्या ग्रीसमध्ये ती बारीक वाळू मिसळली की घासायची पेस्ट तयार होते. ती खाचा खाते, पिंजऱ्याच्या खिडक्या सैल करते, आणि हे सगळं गप्प चालतं. स्टेअरिंग पूर्ण फिरवून ॲक्सिलरेटर दिला की कट-कट ऐकू येते ती सगळ्यात शेवटी, कारण मोठ्या कोनात गोळ्यांना खाचेत लांबवर सरकावं लागतं आणि तिथे झिजेच्या कडा लागतात. तुम्हाला जे सुरुवातीचं लक्षण वाटतं, ते बहुतेक वेळा आतलं काम उरकल्यानंतरचं असतं.

आता त्या काकांबद्दल. या प्रश्नाचं उत्तर देताना माझा आवाज चढतो तो त्यांच्यामुळे, आणि ज्यांच्यावर चढतो त्यांचा त्यात काही दोष नसतो.

काका ओवळ्याचे, निवृत्त. काकूंचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा. जुनी छोटी पेट्रोल गाडी फक्त त्यासाठीच ठेवलेली. मे महिन्यात ऑइल बदलायला आले तेव्हा डावा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, बूट फाटलेला मी दाखवला. ग्रीस चिमटीत घेऊन चोळून बघितलं, मऊ होतं, कण लागला नाही. म्हटलं, काका, आत्ता बूट बदलला तर जॉइंट वाचेल. किट काही शेकड्यांचं, बाकी मजुरी. ते म्हणाले, "या महिन्यात नको रे. आवाज आला की येतो." मी जास्त ताणलं नाही. त्यांच्या खिशावर काय चाललंय ते मला माहीत होतं.

जुलैच्या शेवटी आले, आवाज घेऊन. सोसायटीच्या गेटमधून वळतानाच मोठी कट-कट. मी चाक उतरवलं, बूट अर्धा लोंबत होता. ग्रीस तपकिरी झालेलं, चोळलं तर रवाळ. शाफ्ट धरून हलवला तर जॉइंटमध्ये ढिलाई हाताला कळत होती. मी म्हटलं, आता जॉइंट किंवा पूर्ण शाफ्ट. त्यांनी किंमत विचारली आणि गप्प बसले. मग म्हणाले, "तू नुसता बूट बसव. नवीन ग्रीस भर. बाकी माझ्यावर."

मी नाही म्हटलं. पैसे नंतर द्या, म्हटलं. त्यांना ते आवडलं नाही. उधारीवर काकूंची गाडी चालवायची नाही, असं काहीसं बोलले आणि गेले. दोन दिवसांनी कळलं की दुसरीकडे कुणीतरी त्यांना कापलेला, शिवणीवर गोंद लावून चिकटवायचा बूट बसवून दिला. शाफ्ट न काढता बसतो तो. आत काय आहे ते बघावंच लागत नाही, म्हणून स्वस्त पडतो.

ऑगस्टमध्ये, धो-धो पावसात, त्यांचा फोन आला. रुग्णालयात निघाले होते, काकूंची फाइल घरी राहिली, म्हणून पातलीपाड्याला पुलाखालून यू-टर्न घेत होते. पूर्ण वळलेलं चाक, वर ॲक्सिलरेटर. मोठा कडाका झाला आणि गाडी आडवी उभी राहिली. इंजिन चालू, गिअर पडतोय, गाडी जागची हलत नाही. एका बाजूचा शाफ्ट सुटला की दोन चाकांत फिरणं वाटणारं डिफरन्शियल सगळं फिरणं त्या मोकळ्या बाजूलाच देत बसतं, दुसरं चाक धड असूनही ओढत नाही. काकांना हे कुठून माहीत असणार? ते पुन्हा पुन्हा गिअर टाकत होते. मागे कंटेनर, हॉर्न, काकू मागच्या सीटवर.

मी पोचेपर्यंत एका रिक्षावाल्याने काकूंना नेलं होतं. त्या दिवशी त्यांना त्यांच्या वेळेचं मशीन मिळालं नाही, संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. ज्यांच्या घरी डायलिसिस आहे त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको. काका भर पावसात गाडीला टेकून उभे होते आणि मला बघून एवढंच म्हणाले, "त्या दिवशी तू बसवला असतास तर?"

गॅरेजात आणून उघडलं. पिंजरा तुटलेला, बुटात चहाच्या रंगाचं पाणी, गोंदाची शिवण एका बाजूने सुटलेली. शाफ्ट बदलला. पैशांचं काय झालं ते आमच्या दोघांत आहे.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. इथे देतो. मी जॉइंट उतरवून, रॉकेलने धुऊन, नवीन ग्रीस भरून, चांगला बूट बसवला असता तर तो कदाचित दिवाळीपर्यंत गेला असता. कदाचित. ताज्या ग्रीसने कट-कट दबते, हे मी कितीदा पाहिलंय. पण झीज तशीच राहते. आवाज गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि जो एक इशारा मिळत होता तोही बंद होतो. बंद पडलेल्या इशाऱ्यावर काकूंना घेऊन ते आठवड्यातून तीनदा फिरले असते, आणि त्यावर माझी पावती असती. म्हणून मी नाही म्हटलं. आजही नाहीच म्हणेन. पण "तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते गोंदवाल्याकडे गेले," असं माझा हाताखालचा पोरगा म्हणतो, तेव्हा माझ्याकडे त्याला द्यायला उत्तर नसतं.

तो म्हणतो, दादा, नुसता बूट बसवून द्या आणि बिलावर लिहा की जॉइंट खराब आहे, लवकर बदला. आमचं यावर अजून जमलेलं नाही. बिल ड्रॉवरमध्ये जातं, गाडी रस्त्यावर जाते, असं मी म्हणतो. तो म्हणतो, मग सगळेच गोंद लावून फिरतील.

मजुरीचंही विचारता, तर तेही सांगतो, थोडक्यात. एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, बत्तीसची नाही तर तीसची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा. मग गाडी घोडीवर, लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडायचा, एबीएसची वायर सांभाळायची, शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढताना ऑइल सील फाटू द्यायचं नाही. जॉइंट सर्क्लिपवरून, म्हणजे त्याला अडकवून ठेवणाऱ्या कडीवरून, उतरवून प्रत्येक गोळी धुऊन बघायची. नवीन क्लिप, नवीन नट, कंपनीने दिलेल्या टॉर्कवर घट्ट. नट सैल ठेवून गाडी ढकलली तरी चाकाचं बेअरिंग जाऊ शकतं. रबराची किंमत यात सगळ्यात कमी.

आणि "मग सरळ शाफ्टच टाका ना" म्हणणाऱ्यांसाठी: जॉइंट साफ निघाला, ग्रीस रवाळ नसेल, तर तुमच्या गाडीचा मूळ जॉइंट बाजारातल्या स्वस्त नव्या शाफ्टपेक्षा बऱ्याचदा चांगला असतो. तो फेकून द्यायला माझा हात धजत नाही. उघडेपर्यंत मात्र मीही नक्की सांगू शकत नाही, म्हणून फोनवर भाव विचारलात की मी दोन आकडे सांगतो. त्यावरूनही तुम्ही रागावता.

त्या ऑगस्टनंतर एक बदल केलाय. आवाज नसलेली फाटक्या बुटाची गाडी आली आणि माणूस "पुढच्या महिन्यात" म्हणाला, तर आता मी ताणतो. पैसे पुढच्या महिन्यात द्या, काम आज करू, असं म्हणतो. काही जणांना हा माझा हट्ट वाटतो. वाटू दे.

तुमच्या गाडीचं बघायचं असेल तर सपाट जागी हँडब्रेक ओढा, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवा, इंजिन बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन चाकामागे वाका. घड्यांमध्ये चीर, क्लिपपाशी ओल, रिमला आतून काळं काही दिसतंय का बघा. मग स्टेअरिंग दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरं चाकही बघा. बहुतेक जण एकच बाजू बघून उठतात.