करंट आहे, पेट्रोल आहे, तरी किक उलटी

शनिवारी सकाळी साडेनऊला भांडुपला गॅरेजसमोर टेम्पो थांबला. मागे दोरीनं आवळलेली यामाहाची १२५ सीसी मोटोक्रॉस, टू-स्ट्रोक, किकवाली. दिवा नाही, नंबरप्लेट नाही, म्हणून मुंबईत ही गाडी कायम टेम्पोतूनच फिरते. सोबतचा मुलगा खाली उतरायच्या आधीच म्हणाला, "काका, पावसाळाभर उभी होती. दोन दिवस किक मारतोय. तीन प्लग बदलले."

"उभी होती" हे दोन शब्द कानावर पडले की हात आपोआप कार्बोरेटरकडे जातो. माझाही गेला. बंद पडली तेव्हा नेमकं काय झालं होतं, हे मी त्याला दुपारपर्यंत विचारलंच नाही.

प्लग काढला तर ओला चिंब. टाकीचं झाकण उघडलं तर जुन्या वार्निशसारखा आंबट वास. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी एका मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाशी बसतो. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी ऑइल, म्हणजे इंजिनाचं वंगण, त्या थरात विरघळत नाही, वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. गाडी तर टाकीच्या तळातूनच पिते. म्हणजे अशी गाडी चुकून चालू झालीच, तर पहिले काही मिनिटं बेअरिंगला ऑइल नाही. मुंबईत चार महिने उभ्या राहिलेल्या गाडीतलं मिक्स मी वापरत नाही. सगळं काढून कॅनमध्ये ठेवलं, पार्ट धुवायला होतं.

आता प्लग ओला का? कार्बचा बाउल सोडला, तळाशी पांढरा चिकट साका, पितळेवर हिरवट डाग. आयडलला पेट्रोल देणारा बारीक छिद्राचा स्लो जेट उजेडाकडे धरला, आरपार काहीच दिसेना. मग पेट्रोल आलं कुठून? चोकची वाट स्लो जेटपासून वेगळी असते. चोक ओढून दोन दिवस किक मारली, पेटलं काही नाही, सगळं पेट्रोल इंजिनच्या खालच्या पोकळीत, क्रँककेसमध्ये जाऊन साठलं. ओला प्लग म्हणजे इंधनाची बाजू ठीक, असं बरेच जण धरून चालतात. ते अर्धंच खरं.

स्लो जेट टाचणीनं कोरू नये. छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तेवढ्यानंही मोठं होतं आणि मग गाडी आयडलला कायम जास्त पेट्रोल पीत राहते. वायरमधला तांब्याचा एक केस, कार्ब क्लीनर आणि हवा, एवढं पुरतं. जेट मोकळा झाला तरी काम संपत नाही. जेटच्या भोकातून स्प्रे मारायचा आणि व्हेंच्युरीतल्या, म्हणजे कार्बच्या हवेच्या वाटेतल्या, बारीक छिद्रातून फवारा बाहेर येतो का ते बघायचं. एअर स्क्रू आधी हलक्या हातानं पूर्ण बसवला, मग दीड फेरी उघडला.

क्रँककेसमधलं पेट्रोल काढायला कॉक बंद, चोक बंद, प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि पंधरा-वीस किक. हे करताना प्लग कॅपमध्ये लावून इंजिनच्या धातूला नीट टेकवायचा, भोकापासून लांब, आणि किल स्विच दाबून ठेवायचा. भोकातून पेट्रोलची वाफ उडत असते. तिथंच ठिणगी पडली तर भुवया जातात. कॅप नुसतीच लटकती ठेवली तर कॉइलवर ताण येतो तो वेगळाच.

ताजं मिक्स ३०:१ केलं, लिटरला ३३ मिली. नवा प्लग, गॅप ०.६ मिमी. चोक ओढला, किक मारली. एक नाही, दोन नाही, पाचव्या किकला पाय असा उलटा फेकला गेला की बुटातून टाच दुखली.

त्या उलट्या किकनं सकाळचा सगळा हिशोब मोडला. पेट्रोल कमी असेल तर गाडी नुसती गप्प बसते, जास्त असेल तर प्लग भिजवते. पाय मागे फेकायला सिलिंडरमध्ये खरा स्फोट व्हावा लागतो, आणि तोही पिस्टन वर चढत असताना, टॉपला पोचायच्या बराच आधी. म्हणजे ठिणगी होती आणि चांगली होती, फक्त लवकर पडत होती. उशिरा पडली असती तर पाय शाबूत राहिला असता आणि सायलेन्सरमध्ये फटाका वाजला असता.

प्लग सिलिंडरला टेकवून "करंट येतोय, निळा आहे" म्हणणारे सगळे इथंच फसतात. ठिणगी आहे की नाही एवढंच त्यातून कळतं, ती कधी पडते ते कळत नाही. टेस्टरवर ठिणगी ६ मिमी गॅप सहज ओलांडत होती. कॉम्प्रेशनही बघून घेतलं: थ्रॉटल पूर्ण उघडा, सहा किक, १६० पीएसआय. पिस्टन-रिंगला दोष देता येईना. कार्बमागच्या रीड व्हॉल्व्हच्या पाकळ्या उजेडाकडे धरल्या, चिरा नाहीत, कडेनं फट नाही.

तेव्हा कुठे मुलाला विचारलं, "अरे, शेवटची चालवलीस तेव्हा बंद कशी पडली?"

"जंपवरून उतरलो, थ्रॉटल सोडला आणि एकदम बंद. नंतर लागलीच नाही. मग पाऊस सुरू झाला." थोडं थांबून म्हणाला, "त्याआधी एप्रिलमध्ये मॅग्नेटच्या बाजूचं ऑइल सील बदललं होतं. दुसरीकडे."

डावं कव्हर उघडलं. मॅग्नेट म्हणजे क्रँकच्या टोकावर बसणारं चुंबकाचं चाक; ठिणगी कधी पडायची ते त्याच्या जागेवर ठरतं. मॅग्नेटचा नट पाना लावून नुसता ढकलला आणि सुटला. तो असा सुटायला नको. पुलर लावला, बोल्ट अर्धी फेरी फिरवला आणि मॅग्नेट हातात आलं. नीट बसलेलं मॅग्नेट येताना पुलरवर "टाक्" असा आवाज देतं, कधी कधी शेजारचा दुकानदार वळून बघतो एवढा. इथं आवाजच नाही.

क्रँकच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या टोकावर, अर्धचंद्राच्या आकाराची किल्ली असते. ती दोन मजली झाली होती: खालचा भाग क्रँकच्या खाचेत जागच्या जागी, वरचा भाग फिरण्याच्या दिशेनं साधारण एक मिलिमीटर पुढे. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पण तिथं क्रँकची जाडी १३ मिमीच्या आसपास, म्हणजे घेर ४० मिमी. ४० मिमीला ३६० अंश, तर एक मिमीला ९. ठरलेल्या वेळेच्या ९ अंश आधी ठिणगी, आणि किकच्या मंद गतीत तेवढं पाय मोडायला पुरतं.

किल्ली कच्ची होती म्हणून हे झालं, असं मुलाला वाटलं. किल्लीचं काम फक्त मॅग्नेट बसवताना जागा दाखवणं. ताकद धरतो तो टेपर. दोन कोरडे, स्वच्छ टेपर नटानं एकमेकांत आवळले गेले की घर्षणानं घट्ट धरतात. इथं टेपरवर ऑइलची बुळबुळीत फिल्म होती आणि तिच्यात तपकिरी गंजाची पूड. सील बसवताना त्याच्या ओठाला ग्रीस लावतात, ते बरोबरच. पण तेच टेपरवर गेलं आणि कुणी पुसलं नाही. त्यात नट टॉर्क पान्याशिवाय, अंदाजानं. थ्रॉटल एकदम सोडला की क्रँक मंदावतो आणि मॅग्नेट आपल्या वेगात पुढे जायला बघतं. जंपनंतर तेच झालं.

किल्ली नागदेवी स्ट्रीटला मिळते, फक्त जुनी नमुना म्हणून बरोबर न्यायची. डोळ्यांना सारखी दिसणारी अर्ध्या मिमीनं वेगळी निघते. पोऱ्याला धीम्या लोकलनं तिकडे, मस्जिद स्टेशनला पिटाळलं. पत्रा घासून किल्ली करू नये. खाचेत सैल बसते आणि टायमिंग तिथंच चुकतं.

तोवर टेपर लॅप केला, म्हणजे पेस्टनं घासून मॅग्नेटशी जुळवला. किल्ली न लावता टेपरवर बारीक वॉल्व्ह पेस्टचे तीन ठिपके, मॅग्नेट चढवून हातानं पाव फेरी मागे-पुढे, मधेच उचलून जागा बदलायची. सील आणि मॅग्नेटमागच्या कॉइलकडे, म्हणजे स्टेटरकडे, पेस्ट जाऊ नये म्हणून आधी मागे कापड लावलं. पाचेक मिनिटांत दोन्हीकडे सारखा राखाडी रंग आला. खोल ओरखडे तसेच राहिले. तेही काढायला गेलं तर मॅग्नेट आत सरकून स्टेटरला घासेल, तेवढा हव्यास नको. मार्करनं क्रँकवर चार रेघा मारून मॅग्नेट दाबून फिरवलं, चारही रेघा जवळजवळ पूर्ण पुसल्या गेल्या. मग ब्रेक क्लीनरनं दोन्ही भाग धुतले. त्यानंतर टेपरला बोटही लावलं नाही.

किल्ली आली तीनला. नट आवळताना मॅग्नेट होल्डरनंच धरलं. प्लगच्या भोकातून दोरी कोंबून पिस्टन अडवायची युक्ती इथं केली नाही. टू-स्ट्रोकमध्ये ती दोरी सिलिंडरच्या भिंतीतल्या पोर्टमध्ये गेली तर रिंग किंवा पिस्टनची कड खाऊ शकते. टॉर्क पाना मॅन्युअलमधल्या आकड्यावर लावून नट आवळला.

चोक ओढला, थ्रॉटल बंद. तिसऱ्या किकला लागली. गल्लीत निळसर धूर आणि समोरच्या चाळीतून एक शिवी. अर्ध्या मिनिटात चोक खाली केला, आयडलवर थांबली. दहा मिनिटं चालवली, पूर्ण थंड होऊ दिली आणि कव्हर उघडून नटावर पुन्हा पाना लावला. पाना जागेवरच 'कट्' असा वाजला, नट हलला नाही.

टेम्पोवाला साडेपाचला आला. मुलानं तुटलेली किल्ली मागून घेतली, एप्रिलमधल्या गॅरेजला दाखवायला.